अवघड इंग्रजी शब्दांच्या याद्या पाठ करणं थांबवा

पानगळ:
एका यादीत 'नोटोरियस' म्हणजे 'प्रसिद्ध' असं वाचलं आणि मी तो शब्द एका प्राध्यापकांच्या गौरवपर लेखात वापरला. तो कुख्यातांसाठी असतो, हे लेख छापून आल्यावर कळलं. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: शब्द वाचनातूनच यावेत.

मितभाषी:
असहमत. दोष अर्धवट यादीचा आहे. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या २००६ सालच्या अभ्यासानुसार लिखित इंग्रजीतले ९८ टक्के शब्द ओळखीचे असायला आठ-नऊ हजार शब्दकुटुंबं लागतात (डिसाइड, डिसिजन, डिसायसिव्ह हे एकच कुटुंब). यातले विरळ शब्द वाचनात इतक्या उशिरा पुन्हा भेटतात की तोवर पहिली भेट पुसलेली असते. विस्मरणाचा हा वेग जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून मांडला होता. म्हणून अंकीसारख्या उजळणीच्या ॲपमध्ये कार्डं करायची (एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ) आणि अंतर वाढवत उजळणी करायची. मी दोन वर्षं करतोय, फरक पडतो.

पानगळ:
विसरायला होतं, मान्य. पण कार्डामुळे शब्द ओळखता येतो, वापरता येत नाही. आस्क, क्वेश्चन, इंटरॉगेट या तिघांसमोर तुम्ही 'विचारणं' लिहाल. पहिला जुन्या इंग्रजीतला, घरात बोलायचा. दुसरा १०६६ मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंचमधून आलेला, त्यात जाब विचारल्याची छटा. तिसरा थेट लॅटिनमधला, पोलिसी चौकशीचा. मैत्रिणीची ख्यालीखुशाली कोणी 'इंटरॉगेट' करत नाही! तसंच पाऊस 'हेवी' असतो, 'स्ट्राँग' नाही. शब्दांची ही सोबत वाचूनच अंगवळणी पडते.

उंबरठा:
कोणते शब्द, हे दोघंही बोलत नाही आहात. भाषा-अभ्यासक ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली निवडलेली ५७० शब्दकुटुंबं शैक्षणिक लेखनाचा सुमारे दहावा हिस्सा व्यापतात. 'ॲनलाइज', 'सिग्निफिकंट' असे साधे दिसणारे शब्द आहेत ते. हे कच्चे ठेवून लोक वर्षात एकदाही न भेटणारे शब्द घोकतात, याचं मला वाईट वाटतं.

मितभाषी:
उंबरठा, हे पटलं. पानगळ, सोबतीचा मुद्दाही घेतो. यापुढे कार्डावर सुटा शब्द नाही, जिथे भेटला ते पूर्ण वाक्य लिहीन. उजळणी मात्र सोडणार नाही.

पानगळ:
वाक्य तुम्ही स्वतः वाचलेलं असेल तर माझी हरकत नाही. कोणी तयार करून विकलेल्या कार्डांना अजूनही आहे.