कलापुरात, म्हणजे कोल्हापुरात, बारमध्ये टुकार पिक्चर? होय, आणि दर महिन्याला

बुधवारचा_प्रोजेक्टर
परवा इथं एकानं लिहिलं, "बाबूराव पेंटरांच्या गावात दारू पीत टुकार पिक्चरवर खिदळणं म्हणजे कलापूरच्या तोंडाला काळं फासणं." महिन्याला एका बुधवारी बारच्या भिंतीवर पिक्चर लावायचा तो कार्यक्रम मी चालवतो, म्हणून उत्तर देतो. बुधवार निवडला कारण त्या दिवशी बार ओस असतो, मालकाला गिऱ्हाईक पाहिजे आणि आम्हाला भिंत. सबटायटल असतातच, ग्लासांच्या आवाजात डायलॉग कळत नाही. क्लायमॅक्सच्या आधी ऑर्डर बंद, नाहीतर भूत यायच्या वेळेला वेटर पडद्यासमोर उभा राहून चकना कुणाचा विचारतो. दहा वाजले की आवाज खाली. एवढी शिस्त पाळून माणसं पिक्चर बघायला येतात, त्याला विकृती म्हणायचं? 'रॉकी हॉरर पिक्चर शो' १९७५ ला आपटला होता, १९७६ ला न्यूयॉर्कात रात्री बाराचे खेळ लागले आणि लोकांनीच तो जिवंत ठेवला, वेष करून यायचे, पडद्याला उत्तरं द्यायचे. आपल्याकडं १९९८ चा 'गुंडा' असाच पोरांनी तोंडपाठ करून वाचवला.

जुनी_पेठ
ते मीच लिहिलंय आणि परत लिहीन. पेंटरांनी स्वतःच्या हातानं कॅमेरा बनवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, १९२० ला 'सैरंध्री' दाखवला. १९२९ ला प्रभात फिल्म कंपनी इथं जन्मली, १९३३ ला पुण्याला गेली. त्या गावात पडदा लावायचा तर त्यावर हे? आणि वर त्यालाच सिनेमाप्रेम म्हणायचं?

बुधवारचा_प्रोजेक्टर
मग 'सैरंध्री' लावूया की! कुठाय प्रिंट? आज बघायला मिळत नाही तो. एवढा मान दिला गावानं, पण जपलं कुणी? पिक्चर चांगला असो की भंगार, बघणारी माणसं सुटली की तो गेला. माझं म्हणणं एवढंच आहे.

राजारामपुरीची
मी आलो होतो एकदा मैत्रिणींबरोबर, म्हणून बोलतो. 'गुंडा'च होता. यमक जुळवलेल्या डायलॉगवर आम्हीपण लई हसलो. पण बहिणीवर अत्याचाराचा सीन आला तरी मागच्या टेबलावर हशा चालूच. आम्ही तिघी उठून बाहेर आलो. कलापूरची अब्रू वगैरे राहू दे बाजूला, मला ह्याचं उत्तर पाहिजे.

नाद_एकच
ताई मग पर्मिट रूममध्ये आलासाच कशाला? कीर्तन होतं काय तिथं?

राजारामपुरीची
जागा तुमच्या वाडवडिलांनी नावावर करून दिलीया काय? पैसे आम्हीपण मोजलोय. नीट बोलायचं.

तालुक्याचा_ऑपरेटर
भांडण चालू दे, पण पोस्टरवर टुकारच्या यादीत भुताचे पिक्चर काढणारे रामसे बंधू घातले त्याचा मला राग आलाय. माझे वडील तालुक्याच्या टॉकीजला ऑपरेटर होते. त्यांचा 'पुराना मंदिर' १९८४ चा, तो लागला की लास्ट शोला बैलगाडीनं माणसं यायची, मला केबिनमध्ये स्टुलावर बसवायचे आणि त्यातला सैतान सामरी आला की मी वडिलांच्या शर्टात तोंड घालायचो. तो सामरी झालेला अनिरुद्ध अगरवाल शिकलेला सिव्हिल इंजिनिअर. रामसे सात भाऊ, एक लिहिणार, एक कॅमेरा धरणार, एक आवाज बघणार, स्टारला द्यायला पैसे नाहीत म्हणून प्रकाश आणि धुरावर भीती तयार केली. ह्याला टुकार म्हणता?

जुनी_पेठ
म्हणजे कमी पैशात केलं की कला?

तालुक्याचा_ऑपरेटर
पेंटरांकडं तरी कुठं खजिना होता? टॉकीजच्या जागी आता मंगल कार्यालय झालंय. वडील त्या रस्त्यानं जात नाहीत. पिक्चर बारमध्ये लागतो कारण टॉकीज राहिली नाही, हे पेठेतल्या माणसाला कळत नसेल तर बोलण्यात अर्थ नाही.

मंगळवार_पेठ_१२
टॉकीज बंद पडली ती पार्किंगमुळं. गाडी लावायला जागा नाही, बाहेर येऊन बघतो तर टोइंग. ह्यावर कोण बोलणार?

कायद्याचं_बोला
पार्किंग राहू दे. ओटीटीचं सबस्क्रिप्शन घरच्या वापरासाठी असतं, बारमध्ये लावलं तर कॉपीराइटचा भंग. परवानगी हाय काय?

बुधवारचा_प्रोजेक्टर
हक्कवाल्याला पैसे देऊन लेखी घेतो. ज्याचा हक्कवाला सापडत नाही तो लावत नाही, त्यामुळं निम्मे आवडते पिक्चर राहिलेत. रामसेंबद्दल ऑपरेटरदादांशी भांडणार नाही, पोस्टरवरचा 'टुकार' काढतो. त्यांनी वडिलांना घेऊन यावं, दारू नको असेल तर सोलकढी आहे.

राजारामपुरीच्या ताईंना सांगतो, पिक्चर कापणार नाही. कापला की तो कसा होता हेच कळत नाही. पण सुरुवातीला पाच मिनिटं मी बोलतो, त्यात असा सीन आहे हे सांगणार आणि त्यावर टाळ्या मारणाऱ्या टेबलाचं बिल तिथंच करायला मालकाला सांगणार.

राजारामपुरीची
पहिल्या बिलानंतर गिऱ्हाईक तुटतंय म्हणून मालक मागं सरतो की नाही ते बघतो. तोवर मी येत नाही.

जुनी_पेठ
मंगल कार्यालयाचं वाईट वाटलं, खरंच. पण दारू आणि सिनेमा एका टेबलावर मला पटत नाही, पटणार नाही. चहावर लावा, मी खुर्च्या उचलायला येतो.

बुधवारचा_प्रोजेक्टर
चहावर भिंतीचं भाडं निघत नाही. हॉल द्या, उद्या लावतो.