वारस नोंदीसाठी पैसे मागतात, आणि निरोप आणणारा आपल्याच चर्चचा

वसईची_सून: सासरे गेल्यावर वाडीच्या सातबाऱ्यावर सासूबाई, नवरा आणि दिरांची नावं लावायची आहेत. मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, सगळं जोडून अर्ज दिला. आता ‘साहेबांचं बघावं लागेल’ असा निरोप आला. निरोप आणणारा आमच्याच धर्मग्रामातला (पॅरिशमधला), रविवारच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, बायबलचं वाचन करणारा. मला तेच जास्त लागलं. दर रविवारी आपण राज्यकर्त्यांना सद्बुद्धी मागतो. लाच देऊ नका असं प्रवचनात मात्र मी कधी ऐकलं नाही. सासूबाई म्हणतात, ‘बाय, दे नि मोकळी हो.’ नाइलाजाने दिले तर पाप माझं की मागणाऱ्याचं? आणि चर्च म्हणून आपण काहीच करू शकत नाही का?

निवृत्त_महसूल: ताई, पाप-पुण्याचं फादरांना विचारा, कायद्याचं मी सांगतो. अर्जाची पोच घेतली का? नसेल तर आधी घ्या. फेरफार नोंदला की हितसंबंधितांना नोटीस जाते, 15 दिवस हरकतीची मुदत असते, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. यात ‘बघायचं’ काही नसतं. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या 2018 च्या दुरुस्तीपासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीने द्यावी लागली तर 7 दिवसांत कळवावं लागतं. त्यापेक्षा देण्याआधीच लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला 1064 वर फोन करा. मध्यस्थामार्फत झालेली मागणीही तक्रारीत सांगता येते.

दोन_लेकरांची_आई: ऐकायला बरं वाटतं. पण उद्या त्याच कार्यालयात दुसरं काम निघालं तर? मी दिले असते. गरिबाने लढायचं आणि देणगीदाराने पुढच्या बाकावर बसायचं, हे मला पटत नाही.

निर्मळचा_आजोबा: बाळा, चर्च काही करू शकतं का, हे वसईच्या माणसाने विचारू नये. हरित वसई संरक्षण समितीच्या वेळी फादर फ्रान्सिस दिब्रिटो जमीन, पाणी आणि गुंडगिरीच्या राजकारणाविरुद्ध उभे राहिले. ख्रिस्ती, हिंदू, सगळे सोबत होते. ‘धर्मगुरूने वेदीपाशी राहावं’ असं तेव्हाही लोक म्हणत. फादर 2024 च्या जुलैत गेले, आणि आता सणाच्या मांडवावर नगरसेवकाचा फलक लागला तरी कोणी विचारत नाही. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 19 व्या अध्यायातला जकातदार जक्कय आठव. मुलांना आपण त्याचं उंबराचं झाड शिकवतो. कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत देईन, असं तो सगळ्यांसमोर म्हणाला, ते शिकवत नाही. धाकाने देणाऱ्यावर मी पापाचा शिक्का मारणार नाही. पण तुला एकटीला तिथे जाऊ देणं, हे आमचं पाप आहे. कार्यालयात जाताना सांग, मी आणि आमच्या आळीतले चौघे सोबत येतो.

वसईची_सून: पोच आज घेतली. वाचन करणाऱ्या भावालाही तोंडावर सांगितलं की पैसे मिळणार नाहीत, पुन्हा मागितले तर 1064 वर फोन जाईल. तो गप्प झाला. @दोन_लेकरांची_आई, तुमची भीती मला कळते, सासूबाईही रात्रभर झोपल्या नाहीत. म्हणूनच आजोबांना सोबत घेऊन जाणार आहे. पॅरिश कौन्सिलला पत्र लिहितेय: सणाला कोणाकडून किती देणगी घेतली ते सूचनाफलकावर लावा, आणि चर्चच्या कामासाठीही कुठल्या कार्यालयात पाकीट देऊ नका. सही करायला कोण येतंय?

दोन_लेकरांची_आई: पत्रावर करते. देणग्यांचा मुद्दा आधी घ्या.