‘जण’, ‘लोक’, ‘माणसं’ : मोजताना कुठला शब्द?

सोसायटीच्या सहलीची यादी यंदा माझ्या गळ्यात पडली. ग्रुपवर विचारलं, ‘किती जण येणार ते कळवा.’ उत्तरं आली ती अशी :

‘आम्ही दोघं.’
‘आम्ही ५ जन.’
‘आम्ही तीन लोक येऊ.’
‘आमची चार माणसं धरा.’
‘आम्ही तिघी!!’

बसच्या जागा मोजायला सगळं सारखंच. खोल्या वाटायला बसले तेव्हा मात्र फरक पडला. ‘तिघीं’ना डोळे झाकून एक खोली लिहिली. ‘दोघं’ म्हणजे नवराबायको, तेही सुटलं. ‘तीन लोक’वाल्यांना फोन करावा लागला आणि तो त्यांनी उचलला नाही. तेव्हापासून हे शब्द डोक्यात घोळतायत, म्हणून हा धागा.

दोन, तीन, चार यांची माणसांपुरती वेगळी रूपं आपल्याकडे आहेत. भाऊभाऊ असतील तर ‘ते दोघे’, बहिणीबहिणी ‘त्या दोघी’, बहीणभाऊ ‘ती दोघं’. तिघे आणि चौघे यांचंही तसंच. पाचापासून ही चैन संपते, मग ‘जण’ मदतीला येतो : पाच जण आले, पाच जणी आल्या, पाच जणं आली. गंमत म्हणजे छापील मराठीत ‘दोघं’चं ‘दोघे’ झालं की पुरुष-पुरुष आणि मिश्र जोडी यांतला फरक फक्त ‘ते’ आणि ‘ती’वर उरतो. ‘ती दोघे’ असं वाचलं की अनेकांना मुद्रणदोष वाटतो. तो दोष नसतो.

‘दोन जण’ आणि ‘दोघे’ यांतही मला फरक जाणवतो. ‘दुपारी दोन जण येऊन गेले’ म्हटलं तर कोण कुणास ठाऊक, मीटर बघणारे असतील. ‘दुपारी दोघे येऊन गेले’ म्हटलं तर घरातल्यांना कोण ते माहीत आहे. बातमीत दोन्ही चालतात. मी घरातल्या बोलण्याबद्दल म्हणतेय.

आता माझी खरी तक्रार. ‘आम्ही तीन लोक’ हे कानाला टोचतं. मागे हिंदीतलं ‘हम लोग’ उभं असावं. माझ्या मते लोक म्हणजे आपण सोडून बाकीचे. लोक बोलतात, लोक नावं ठेवतात, ‘चार लोक काय म्हणतील’ यातल्या चारात आपण कधीच नसतो. ‘दहा लोक जमले होते’ याला हरकत नाही, कारण ते मी बाहेरून मोजले. ‘आम्ही’, ‘तुम्ही’, ‘आपण’ आलं की ‘जण’च हवा. कारण तिथे मोजलेल्यांत मीही असते.

प्रश्न : बाईबद्दल ‘एकजण म्हणाली’ चालतं का? मी सर्रास म्हणते. आई दर वेळी ‘एक जणी’ असं दुरुस्त करते.

—

‘५ जन’बद्दल. मूळ संस्कृत ‘जन’, प्राकृतात ‘न’चा ‘ण’ होऊन ‘जण’. मराठीने दोन्ही ठेवले आणि कामं वाटून दिली. समाज म्हणायचा असेल तर जन : जनमत, जनरीत, ‘जनाची नाही तर मनाची तरी’. मोजायचं असेल तर जण. ‘पाच जन’ लिहिणारे खूप भेटतात, ‘जणगणना’ लिहिणारा अजून भेटायचाय.

तसं बघितलं तर जनगणनेत मोजणीच असते, तरी तिथे ‘जन’. तो शब्दच संस्कृत वळणाने घडवलेला. जुना शब्द खानेसुमारी. त्यातला ‘खाना’ म्हणजे घर, फारसीतला, म्हणजे नावात तरी घरंच मोजलेली. शिरगणतीत डोकी. आणि ‘दरडोई उत्पन्न’ म्हणताना आपण अजूनही डोईच मोजतो, हे किती जणांच्या डोक्यात येत असेल?

—

बडोद्यात वाढले. गुजरातीतही ‘जण’च आहे, ‘बे जण’, ‘पांच जण’. शाळेत हिंदीच्या तासाला ‘पाँच जने’ ऐकलं की आम्हा मराठी-गुजराती पोरांना एकदमच हसू यायचं.

—

भावाचं केटरिंग आहे, लग्नात हिशेब मी बघतो. ‘दोनशे जण’ सांगितलं की आमचा ठरलेला प्रश्न : म्हणजे पानं किती? कारण जणांत मांडीवरचं बाळही येतं, पानांत येत नाही. वाढपी पानं मोजतात. बुफे असला की त्याच पानांच्या प्लेटा होतात. पैसे गोळा करताना परत वेगळं, ‘माणशी तीनशे’. ‘जणशी’ असं काही नाही, बघा.

एसटीत तर ना जण ना माणूस, नुसतं ‘दोन फुल एक हाफ’. पूर्वी हाफ म्हणजे पोर. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, आता माझी सहा फुटी वहिनीपण हाफ.

—

आमच्याकडं गावाला ‘पन्नास माणूस आलं हुतं’ असंच म्हणत्यात, माणूस एकवचनी. बाया, पोरं सगळी त्यातच. ‘पन्नास माणसं आली’ म्हणलं की मास्तर बोलल्यासारखं वाटतं.

शेतावर कामाला मात्र वेगळं मोजायचं : चार गडी, सहा बाया. मजुरी वेगळी म्हणून मोजणी वेगळी, त्यात काय कौतुक नाही. हाच गडी तिकडं क्रिकेटात गेला, ‘पाच गडी बाद’, ‘तीन गडी राखून विजय’. मुलींच्या सामन्यातबी गडीच बाद होत्यात.

आणि चूलबंद आवतण आलं तर मोजायचंच नसतं. घरात जेवढी असतील तेवढी सगळी जेवायला. घरटी एक म्हणलं तर एकच.

—

पोलीस ठाण्यातला शब्द राहिला. तिथे जण नाही, ‘चार अनोळखी इसम’. अरबीत इस्म म्हणजे नाव. म्हणजे ज्याचं नाव माहीत नाही तोच इसम! ‘असामी’ही त्याच घरातला, पण तो मोठ्यांत जाऊन बसला : ‘बडी असामी’.

—

धागाकर्ती परत. ‘एकजण’चं उत्तर कुणीच दिलं नाही, तेव्हा मीच ठरवते : कोण ते सांगायचं नसेल तर ‘एकजण’, बाई आहे हे सांगायचं असेल तर ‘एक जणी’. आईला हे पटलेलं नाही.

‘पानं’ आणि ‘माणशी’ यांबद्दल आभार, वर्गणीच्या मेसेजात ‘पर हेड’ लिहिलं होतं ते बदलून ‘माणशी’ केलं. ‘५ जन’वाल्या काकांनी विचारलंय की मोबाइलच्या कीबोर्डवर ‘ण’ कुठे असतो.

आणि ‘तीन लोक’चा फोन लागला. आजी, नात आणि नातजावई. म्हणजे ‘तिघं’ आणि खोल्या दोन.