जावळ, दाट केस आणि मामाची मांडी

लेकीची आई: येथील एका सदस्यांनी काल लिहिले की, जावळ काढल्याने केस दाट येतात आणि ते टाळणारे आईबाप निव्वळ आळसापायी संस्कार बुडवतात. केसांची मुळे बाळ पोटात असतानाच तयार होतात. वस्तरा फिरवून त्यांत एकाचीही भर पडत नाही. कापलेल्या केसाचे टोक बोथट असल्यामुळे तो हाताला राठ लागतो, इतकेच. राहिला आळस. माझी मुलगी अकरा महिन्यांची होती, टाळूही भरली नव्हती, आणि देवळाबाहेर आधीच्या मुलाच्या डोक्यावरून फिरलेलाच वस्तरा तिच्यासाठी उचलला गेला. मी पाते बदलायला सांगितले, तर शुभकार्यात शंका नको म्हणून मलाच गप्प बसवण्यात आले. धाकट्याचे जावळ मी काढले नाही.

जुनी खोड: तो लेख माझाच. दोष त्या वस्तऱ्याचा आहे, चौलकर्माचा (जावळाच्या संस्काराचा) नव्हे. आश्वलायन गृह्यसूत्र या घरगुती संस्कारांच्या प्राचीन ग्रंथात वस्तरा लावताना ‘स्वधिते मैनं हिंसीः’, म्हणजे ‘हे शस्त्रा, याला इजा करू नकोस’, असे म्हणायचे असते. काळही तिसरे वर्ष किंवा कुलधर्माप्रमाणे सांगितला आहे. तोवर टाळू भरते. खरा ऱ्हास निराळाच आहे: हल्ली मामाची वाट न पाहता मूल कोणाच्याही मांडीवर बसवतात.

बिनमामाची मावशी: ताईला भाऊ नाही. भाच्याच्या जावळासाठी मी रजा काढून गेले, मांडी घालून बसलेही. तेवढ्यात ‘मावशी चालत नाही’ म्हणून मला उठवले आणि ताईच्या एका दूरच्या चुलतभावाला बसवले, ज्याने भाच्याचे नाव तिथे विचारून घेतले. आपण ज्या सूत्राचा दाखला देता, त्यात मूल आईच्या मांडीवर आहे. त्यात मामा कुठे आहे, तेवढे दाखवावे.

जुनी खोड: सूत्रात नसला तरी लोकाचारात आहे, आणि लोकाचार तुमच्या रुसव्याने बदलत नसतो.

लेकीची आई: म्हणजे सोयीचे असेल तेव्हा सूत्र आणि अडचणीचे झाले की लोकाचार! त्याच सूत्राप्रमाणे मुलीचे चौल मंत्रांविना करायचे असते. ‘इजा करू नकोस’ ही विनवणी माझ्या लेकीसाठी नव्हतीच. म्हणून तर मला पाते मागावे लागले.

जुनी खोड: पाते मागितलेत ते योग्यच केलेत, आणि दाट केसांचे विधान मी मागे घेतो. मामाचा मान मात्र सोडणार नाही.

बिनमामाची मावशी: अवश्य राखा. आमच्याकडे वस्तरा टेकताच भाच्याने टाहो फोडला आणि मानकऱ्यांनी त्याला तत्काळ ताईच्या मांडीवर दिले.