स्वतःचं मल्टिप्लेयर जग बनवायचंय, रोब्लॉक्स घेऊ की माइनक्राफ्टचा सर्व्हर की अजून काही?

बेटकरी:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस एक कल्पना डोक्यात घोळतेय आणि आता सुरू करायचंच असं ठरवलंय. एक मोठं बेट, त्यावर वीस-पंचवीस जण एकाच वेळी फिरतायत, घरं बांधतायत, शेती करतायत, आणि कुणी लॉगआउट झालं तरी दुसऱ्या दिवशी त्याची अर्धवट भिंत जिथल्या तिथे असली पाहिजे, मधल्या वेळात बाकीच्यांनी काय केलं तेही दिसलं पाहिजे. आम्ही तिघं मित्र आहोत, मला पायथॉन बऱ्यापैकी येतं, एक जण ब्लेंडरमध्ये मॉडेल करतो, तिसऱ्याला नियम ठरवायला, लोकांना सांभाळायला आवडतं.

शोधलं तर रोब्लॉक्स, फोर्टनाइट क्रिएटिव्ह, व्हीआरचॅट, माइनक्राफ्टचा स्वतःचा सर्व्हर, लुआंटी एवढी नावं आली आणि ज्याचा व्हिडिओ बघावा तेच सगळ्यात भारी वाटतं. नेटवर्किंग मुळापासून लिहायची आमची तयारी नाहीये. तर कुठून सुरू करू? आणि उद्या कंपनीने प्लॅटफॉर्मच बंद केला तर आमच्या बेटाचं काय? पैसे कमवायचा विचार सध्या नाही.

सर्व्हरसांभाळी:
ग्राफिक्स, भाषा वगैरे सगळं आधी बाजूला ठेव आणि एवढंच ठरव, तुला एकच बेट हवंय का बेटाच्या प्रती चालतील. कारण रोब्लॉक्स, फोर्टनाइट, व्हीआरचॅट या तिन्हीकडे तू बनवतोस तो साचा असतो, लोक आले की त्यातून एक प्रत उघडते, ती भरली की दुसरी उघडते, आणि सगळे निघून गेले की प्रत बंद, मेमरीत होतं ते सगळं गेलं. म्हणजे तुझ्या मित्राची भिंत आपोआप राहतच नाही, ती तू कुठेतरी लिहून ठेवलीस तरच राहणार. शर्यत, लपाछपी, कोडी सोडवायचा गेम असेल तर ही रचना उत्तम आहे, पण तू जे वर्णन केलंयस ते तसं नाहीये ना.

माइनक्राफ्ट जावा एडिशन आणि लुआंटी याच्या बरोबर उलट. सर्व्हर तुमचा, जग तुमच्या डिस्कवरच्या एका फोल्डरमध्ये, कुणी ठोकळा ठेवला की तो सेव्ह होतो आणि सर्व्हर बंद करून चालू केला तरी तिथेच असतो. तुमच्यासाठी मी सरळ लुआंटी म्हणेन, माइनक्राफ्टसारखंच ठोकळ्यांचं जग बनवायचं इंजिन. आधी याचं नाव माइनटेस्ट होतं, २०२४ मध्ये बदललं, ओपन सोर्स आहे, मॉड, म्हणजे गेममध्ये आपण घातलेली भर, लुआ नावाच्या प्रोग्रामिंग भाषेत लिहायचे आणि पायथॉन येणाऱ्याला लुआ फार जड जात नाही. मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे मॉड सर्व्हरवर चालतात, जोडणाऱ्याने फक्त लुआंटी इन्स्टॉल करायचं आणि पत्ता टाकायचा, टेक्स्चर, मॉडेल, आवाज सगळं सर्व्हरच त्याच्याकडे पाठवतो. माइनक्राफ्टमध्ये प्लगइन, म्हणजे सर्व्हरला जोडायचे छोटे प्रोग्राम, सर्व्हरवर राहतात हे खरंय, पण पूर्ण नवीन ठोकळा हवा असेल तर सहसा फॅब्रिक किंवा फोर्जचा (मॉड चालवायची साधनं) मॉड प्रत्येक खेळाडूला आपापल्या मशीनवर टाकावा लागतो, मग कुणाची आवृत्ती जुळत नाही, कुणाला फोल्डर सापडत नाही, आणि खेळायचा वेळ त्यातच जातो.

लुआकार:
थोडं असहमत आहे. रोब्लॉक्सवरही हे होतं, फक्त ते स्वतः बांधावं लागतं. प्रत्येक बेटासाठी सर्व्हर राखीव करता येतो, त्याचा एक कोड मिळतो, तो कोड जपून ठेवायचा आणि त्याच बेटावर जाणाऱ्या सगळ्यांना त्याच कोडने पाठवायचं, म्हणजे एका बेटाच्या दोन प्रती चालत नाहीत. सर्व्हर सुरू होताना बेटाची अवस्था डेटास्टोअरमधून, म्हणजे रोब्लॉक्सच्या कायमच्या साठवणीतून, वाचायची, मधूनमधून आणि बंद होताना लिहायची. एका कीमध्ये, म्हणजे साठवणीतल्या नाव दिलेल्या एका कप्प्यात, साधारण ४ एमबी मावतं, म्हणून अख्खं बेट एकात कोंबू नको, घरागणिक किंवा तुकड्यागणिक वेगळी की ठेव. आणि नुसतं सेट करण्यापेक्षा अपडेटअसिंक हे फंक्शन वापर, तो आधीची किंमत हातात देतो, त्यामुळे दोन ठिकाणांहून लिहिलं गेलं तर एकाचं काम दुसऱ्याने पुसलं असं होत नाही.

एवढी मेहनत का करायची? कारण सर्व्हरचा खर्च नाही, पोर्ट उघडणं वगैरे भानगड नाही, फोनवरही चालतं, आणि खेळणारे लोक आधीच तिथे आहेत. नेटवर्किंग लिहायचं नाही म्हणालास, ते सगळं तयार मिळतं. फक्त एक नियम पाळ, खेळाडूच्या मशीनवरून जे येतं त्यावर कधीच विश्वास ठेवायचा नाही. रिमोट इव्हेंट, म्हणजे खेळाडूच्या मशीनवरून आलेला संदेश, सर्व्हरला पोचतो तेव्हा तो कुणाकडून आला हे रोब्लॉक्स स्वतः सांगतं, ते पक्कं, बाकी सगळं खोटं असू शकतं. क्लायंटने, म्हणजे खेळाडूच्या मशीनने, 'मी इथे भिंत ठेवली' असं म्हणायचंच नाही, 'मला इथे भिंत ठेवायची आहे' म्हणायचं, मग तो खेळाडू तेवढा जवळ आहे का, त्याच्याकडे सामान आहे का, ती जमीन त्याची आहे का हे सर्व्हरने तपासायचं. हा नियम कुठल्याही प्लॅटफॉर्मवर लागू आहे.

फोर्टनाइटचा एडिटर दिसायला जबरदस्त आहे, अनरियल इंजिनच आहे ते, २०२३ मध्ये आला, भाषा व्हर्स. पण त्यात जे टिकवून ठेवता येतं ते खेळाडूगणिक, म्हणजे त्याचे गुण, त्याचं सामान वगैरे. सगळ्यांचं मिळून एक बदलत जाणारं बेट ही तुझी गरज तिथे अवघड आहे.

जुनाप्रवासी:
दुसऱ्या प्रश्नाबद्दल बोलतो, कारण त्याकडे लोक फार कमी लक्ष देतात आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो.

खेळाडूंनीच जग वाढवायचं ही गोष्ट नवी नाही. १९८९ ला टायनीमड आलं, १९९० मध्ये झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रातल्या पावेल कर्टिसने लॅम्डामू सुरू केलं, सगळं नुसत्या मजकुरातलं, पण लोक आतल्या आत खोल्या खोदायचे, वस्तूंना कोड लिहायचे, आणि ते बाकीच्यांना लगेच वापरता यायचं. २००३ मध्ये सेकंड लाइफने हेच थ्रीडीत आणलं. यातून टिकलं कोण ते बघ. मू आणि मड, म्हणजे लॅम्डामू, टायनीमडसारखी मजकुरातली जगं, यांचं सगळं जग एका डेटाबेस फाइलमध्ये असायचं, ती फाइल ज्याच्याकडे तो दुसऱ्या मशीनवर तेच जग पुन्हा उभं करू शकायचा.

आता कंपनीच्या सर्व्हरवरच्या जगांचं बघ. मायक्रोसॉफ्टचं प्रोजेक्ट स्पार्क २०१४ ला आलं, २०१६ ला बंद. ऑल्टस्पेसव्हीआर मार्च २०२३ मध्ये बंद. लिटलबिगप्लॅनेट ३ चे सर्व्हर २०२४ मध्ये कायमचे गेले, आणि त्यासोबत त्या मालिकेत लोकांनी वर्षानुवर्षं बनवलेल्या लाखो लेव्हल गेममधून मिळेनाशा झाल्या. त्या लेव्हल वाईट नव्हत्या, कुणी दुर्लक्षही केलं नव्हतं, सर्व्हर दुसऱ्याचा होता एवढंच. रोब्लॉक्स २००६ पासून चालू आहे, उद्या बंद पडेल असं मी अजिबात म्हणत नाही, पण तिथलं जग बाहेर काढून दुसरीकडे चालवता येत नाही हे आधीच मान्य करून काम सुरू कर. प्लेस फाइल तुझ्याकडे राहील, मॉडेल राहतील, पण ती चालणार फक्त तिथेच.

म्हणून काहीही निवडा, मित्राच्या ब्लेंडरच्या मूळ फाइली, नियम आणि संवाद साध्या मजकुरात, एवढं प्लॅटफॉर्मच्या बाहेर ठेवाच.

बेटकरी:
खूप छान समजावलंत सगळ्यांनी, प्रती विरुद्ध एकच जग हे डोक्यातच आलं नव्हतं. लुआंटीकडे कल आहे आता. दोन शंका, मित्राची मॉडेल त्यात येतील का, सगळंच ठोकळ्यांचं दिसतं ना. आणि शेतीचं कसं, रात्री कुणीच नसेल तर पीक वाढेल का?

सर्व्हरसांभाळी:
मॉडेल येतात, ब्लेंडरमधून ओबीजे फाइल काढून नोडला (लुआंटीत ठोकळ्याला नोड म्हणतात) मेश म्हणजे आकार म्हणून लावता येतं. जमीन ठोकळ्यांचीच राहील पण होडी, खुर्ची, दिवा, विहीर हवी तशी करा.

शेतीचा प्रश्न फार चांगला विचारलास, कारण जग सेव्ह होणं वेगळं आणि जग चालू राहणं वेगळं. लुआंटी जग १६ गुणिले १६ गुणिले १६ च्या तुकड्यांत ठेवतं, जवळ कुणी खेळाडू नसला की तुकडा मेमरीतून उतरवला जातो आणि तिथे काहीच घडत नाही. माइनक्राफ्टमध्येही लोड न झालेल्या चंकमध्ये (तिथल्या तुकड्याला चंक म्हणतात) पीक वाढत नाही. तू पीक वाढवायला एबीएम, म्हणजे चालू तुकड्यांतल्या ठोकळ्यांवर ठरावीक वेळाने चालणारा कोड, वापरलास तर ते फक्त कुणीतरी आसपास असताना वाढेल, मग जो दिवसभर शेतात उभा राहू शकतो त्याचंच पीक येईल आणि नोकरीवाल्याचं कधीच येणार नाही. त्याऐवजी नोड टायमर, म्हणजे त्या ठोकळ्यालाच लावलेलं घड्याळ, वापर, तुकडा पुन्हा लोड झाला की मधे गेलेला वेळ त्याला मिळतो. त्याहून सोपं म्हणजे पेरल्याची वेळ नोडच्या मेटाडेटामध्ये, म्हणजे ठोकळ्यासोबत साठवलेल्या माहितीत, लिहून ठेव आणि कुणी आलं की हिशोब कर किती वाढायला हवं होतं. रोब्लॉक्सवर केलंस तरी हेच करावं लागेल.

लुआकार:
हो, हेच. सर्व्हर बंद असताना काय व्हायला हवं होतं ते उघडताना मोजायचं.

सर्व्हरसांभाळी:
आणि तिसऱ्या मित्रासाठी, कारण बेट लोकांना खुलं केलं की खरं काम त्याचंच. लुआंटीत नवीन खेळाडूला मुळात इंटरॅक्ट (बांधणं-तोडणं) आणि शाउट (बोलणं) असे दोन अधिकार मिळतात. त्यातला इंटरॅक्ट सुरुवातीच्या अधिकारांतून काढून टाका, म्हणजे आलेला माणूस फिरेल, बोलेल, पण तोडफोड करू शकणार नाही, दोन शब्द बोलून झाले की हाताने अधिकार द्या. रोलबॅकची, म्हणजे झालेले बदल मागे फिरवायची, नोंद पहिल्या दिवसापासून चालू ठेवा, कुणी कुठला ठोकळा काढला ते कळतं आणि परत लावता येतं, ती आधी बंद असेल तर घर पाडल्यावर चालू करून उपयोग नाही. बॅकअप घेताना नुसती नकाशाची फाइल उचलू नका, खेळाडू, पासवर्ड, मॉडचा डेटा वेगवेगळ्या एसक्यूलाइट डेटाबेस फाइलींमध्ये असतो, म्हणून अख्खा जगाचा फोल्डर घ्या, तोही सर्व्हर थांबवून. आणि घेतलेला बॅकअप दुसऱ्या मशीनवर एकदा चालू करून बघा, बेटावर लोकांना बोलवायच्या आधी.