एनव्हीडिया की एएमडी? सगळे एकच नाव कामून घेतात?

मांजराकाठ (लातूर)

ग्राफिक्स कार्ड घ्यायचंय. दुकानात विचारा, ग्रुपवर विचारा, सगळे ‘एनव्हीडियाच घे’ म्हणायलेत. कामून, ते मात्र कुणी नीट सांगत नाही. कागदावर बघितलं तर एएमडीकडं मेमरी जास्त दिसते. मग लोकांचा ओढा एकाच कंपनीकडं का? नुसती सवय आहे की खरंच कारण आहे?

मशीन असं आहे: आय-५ १०४००एफ, एच४१० बोर्ड, १६ जीबी रॅम, ४५० वॉटचा पॉवर सप्लाय, त्याला ६+२ पिनची एकच वायर. मॉनिटर १०८०पी, १४४ हर्ट्‌झ. व्हॅलोरंट, जीटीए ५, सायबरपंक आणि अधूनमधून ब्लेंडर. डोक्यात तीन कार्डं आहेत: आरटीएक्स ५०६० (८ जीबी), आरएक्स ९०६० एक्सटी (१६ जीबी) आणि इंटेलचं आर्क बी५८० (१२ जीबी). उन्हाळ्यात खोली ४० च्या वर जाते आणि लाइटचा भरवसा नाही, हेही धरून सांगा.

फ्रेमटाइम (छत्रपती संभाजीनगर)

सवय आहेच, पण ती सवय लागण्यामागं कारणं आहेत. त्यातली काही आजही खरी आहेत, काही जुनी झालीत.

सगळ्यात मोठं कारण एनव्हीडियाचं डीएलएसएस, म्हणजे कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करायचं तंत्र (अपस्केलिंग). तुम्ही १०८०पी वर ‘क्वालिटी’ निवडलं की गेम आतून १२८०×७२० मध्ये चित्र काढतो आणि उरलेलं कार्ड भरून काढतं. ७२०पी मध्ये माहितीच कमी असते, त्यामुळं भरून काढणारं गणित किती चांगलं आहे ते इथं लगेच दिसतं. एएमडीचं तसंच तंत्र, एफएसआर २ आणि ३, इथं कमी पडायचं: विजेच्या तारा, जाळीची कुंपणं, झाडांची पानं हलताना चमचमायची. ४के वर हा फरक कमी जाणवतो, पण आपल्याकडं बहुतेकांचे मॉनिटर १०८०पी चे. म्हणून ‘एनव्हीडियाचं चित्र स्वच्छ’ हे बोलणं रुळलं, आणि ते खोटं नव्हतं.

मार्च २०२५ मध्ये एएमडीनं एफएसआर ४ आणलं. ते मशीन लर्निंगवर चालतं आणि हा चमचमाट बराच आटोक्यात आणतं. पण ते आरएक्स ९००० मालिकेसाठी आलं. आरएक्स ६६०० किंवा ७६०० घेतलेल्याला तेव्हा हे सुख मिळालं नाही. उलट डीएलएसएस ४ चं सुधारलेलं अपस्केलिंग २०१८ च्या आरटीएक्स २० मालिकेपर्यंत सगळ्यांना मिळालं (मल्टी फ्रेम जनरेशन, म्हणजे दोन फ्रेमच्या मधल्या फ्रेम कार्डानंच बनवणं, तेवढं ५० मालिकेपुरतं). जुनं कार्ड घेतलेल्याला सात वर्षांनी नवी गोष्ट फुकट मिळते, तेव्हा तो माणूस पुढचं कार्ड कुठलं घेईल हे सांगायला नको. माझ्या मते ब्रँडवरची निष्ठा जाहिरातीपेक्षा इथून येते.

दुसरं कारण ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर. २०१९ मध्ये आरएक्स ५७०० एक्सटी आलं आणि कित्येक महिने लोकांच्या स्क्रीन काळ्या पडत होत्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये अँटी-लॅग प्लस (बटण दाबल्यापासूनचा उशीर कमी करणारी एएमडीची सोय) सुरू ठेवून काउंटर-स्ट्राइक २ खेळणाऱ्यांवर बंदी येऊ लागली आणि एएमडीला तो ड्रायव्हर मागं घ्यावा लागला. अशा गोष्टी लोक विसरत नाहीत. पण २०२५ च्या सुरुवातीला ५० मालिकेबरोबर एनव्हीडियाच्या ड्रायव्हरनंही काळ्या स्क्रीनचा तोच त्रास दिला आणि एकामागून एक दुरुस्त्या काढाव्या लागल्या. म्हणून ‘एएमडीचे ड्रायव्हर खराब’ हे आज सरसकट म्हणणं मला पटत नाही.

व्हॅलोरंटसाठी मात्र डोकं शिणवू नका. तिथं प्रोसेसर आधी दमतो, तिन्ही कार्डं पुरून उरतात.

आठ_लेन (नांदेड)

वरचं सगळं बरोबर, पण या मशीनचा निकाल ब्रँडवर लागत नाही, बोर्डावर लागतो. १०४००एफ आणि एच४१० म्हणजे पीसीआयई (कार्ड ज्यातून बोर्डाशी बोलतं तो स्लॉट) जुन्या ३.० पिढीचा. आरटीएक्स ५०६० ला जोडणीच्या लेन (डेटा ये-जा करायच्या वाटा) फक्त ८. नव्या बोर्डावर ५.० च्या वेगानं त्या भरपूर होतात, तुमच्याकडं ३.० वर एका दिशेनं सेकंदाला साधारण ८ जीबी एवढाच रस्ता उरतो. कार्डाची मेमरी पुरतेय तोवर काही कळत नाही. सायबरपंकमध्ये रे ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढणं), मोठे टेक्श्चर आणि वर फ्रेम जनरेशन लावलं (ते स्वतःही मेमरी खातं) की ८ जीबी भरते, उरलेला माल सिस्टम रॅममध्ये जातो आणि त्या अरुंद रस्त्यानं ये-जा करू लागतो. सरासरी एफपीएस (सेकंदाला फ्रेम) ठीक दिसतो, पण वळण घेतलं की झटका बसतो. लोक मग ड्रायव्हरला शिव्या देतात.

९०६० एक्सटी ला १६ लेन आहेत, म्हणजे याच बोर्डावर दुप्पट रस्ता, आणि १६ जीबीमुळं त्या रस्त्यावर यायची वेळही कमी. जुन्या बोर्डावर हा फरक कुठल्याही लोगोपेक्षा मोठा आहे. फक्त ८ जीबीवालं ९०६० एक्सटी घेऊ नका. नाव तेच असतं, खोक्यावरचा आकडा वाचून घ्या.

बी५८० कार्ड म्हणून चांगलं, पण तुमच्यासाठी नाही. त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरवर जास्त ओझं टाकतो आणि सहा कोरच्या जुन्या प्रोसेसरवर ते फ्रेममध्ये दिसतं. शिवाय रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) सुरू नसेल तर आर्कची कामगिरी सपाट पडते. एच४१० वर आधी बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट, मग ‘अबव्ह ४जी डिकोडिंग’ आणि ‘रिसायझेबल बार’ सुरू, ‘सीएसएम’ (जुन्या पद्धतीनं बूट करायची सोय) बंद. विंडोजची डिस्क एमबीआर (विभागणीची जुनी पद्धत) असेल तर सीएसएम बंद केल्यावर मशीन बूटच होणार नाही. आधी ती जीपीटी (नवी पद्धत) करून घ्यावी लागते. बाकी दोन कार्डं बारशिवायही नीट चालतात, पण ९०६० वर तो सुरू केलेला बरा.

कीफ्रेम (परभणी)

ब्लेंडरबद्दल थोडं. इथं एनव्हीडियाचा पगडा खरा आहे. सायकल्समध्ये (ब्लेंडरचं रेंडर करणारं इंजिन) ऑप्टिक्स हा एनव्हीडियाचा पर्याय निवडलं की किरणांचं गणित थेट आरटी कोअरवर (त्यासाठीच्या खास भागावर) जातं आणि त्याच किमतीच्या एएमडी कार्डाच्या बरंच पुढं राहतं. एएमडीचा पर्याय एचआयपी चालतो, पण हळू. रोज रेंडर असतील, किंवा कुडावर (एनव्हीडियाच्याच कार्डांवर चालणारी प्रोग्रॅमिंगची सोय) चालणारं मशीन लर्निंग कॉलेजच्या प्रोजेक्टला लागत असेल, तर एनव्हीडिया घ्या आणि ५०६० टीआय चं १६ जीबी मॉडेल बघा. मोठा सीन ८ जीबीत बसला नाही तर वेगाचा उपयोग राहत नाही. पण ‘अधूनमधून’ म्हणताय, तर या एका कारणासाठी ८ जीबी पत्करू नका.

रेकॉर्डिंगसाठी एनव्हीडियाच लागतं हा समजही आता मागं टाका. यूट्यूबला एव्ही१ (व्हिडिओ लहान करून साठवायची नवी पद्धत) चालतं, आणि एव्ही१ एन्कोडर तुमच्या तिन्ही कार्डांत आहे.

मांजराकाठ

म्हणजे ९०६० एक्सटी १६ जीबी. आता पॉवर सप्लाय, ऊन आणि वॉरंटीचं सांगा.

सावलीत_४३ (बीड)

पॉवर सप्लायवर ४५० लिहिलंय त्यावर जाऊ नका, बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टसमोर किती अँपिअर आहेत ते वाचा. ३६ अँपिअर असतील तर ३६ गुणिले १२, म्हणजे ४३२ वॉट, ठीक. २० च अँपिअर असतील तर तो २४० वॉटचा माल आहे, आधी तो बदला. हिशोब असा: कार्ड १६० च्या आसपास, प्रोसेसर गेममध्ये ६५ ते १००, बाकी सगळं मिळून ५०. जवळपास ३१० वॉट. ८ पिनच्या वायरीतून १५० आणि स्लॉटमधून ७५ मिळतात, म्हणून एक वायर पुरते. घेताना कार्डावर एकच सॉकेट आहे ना, तेवढं बघा. मोलेक्सवरून ८ पिन करणारा अडॅप्टर लावू नका, त्याची पिन तापून वितळू शकते. त्याच तक्त्यात इनपुट १००-२४० व्होल्ट असेल तर डीपीवर लोड आल्यावर व्होल्टेज १८० ला उतरलं तरी निभावतं. २००-२४० वाला मशीन बंद पाडू शकतो.

घरचा इन्व्हर्टर साइन वेव्हचा असेल तर मागचं बटण ‘यूपीएस’ मोडवर ठेवा. दुसऱ्या मोडमध्ये बदली व्हायला वेळ लागतो आणि तेवढ्यात पीसी रीस्टार्ट होतो. वेगळा यूपीएस घेणार असाल तर ६०० व्हीएचा साधारण ३६० वॉट देतो, मॉनिटर धरून तो कमी पडू शकतो. १००० व्हीए घ्या.

अर्थिंग नक्की तपासा. मल्टिमीटरनं न्यूट्रल आणि अर्थमध्ये ३ व्होल्टच्या आत यायला हवं. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग तुटलंय: पॉवर सप्लायमधल्या फिल्टरमुळं पत्र्यावर निम्म्याच्या आसपास व्होल्टेज चढतं, आणि अशात एचडीएमआय केबल काढ-घाल केली तर कार्डाचा पोर्ट जाऊ शकतो. मे महिन्यात काळी माती वाळून भेगाळते तसं अर्थिंग कमजोर होतं. खड्ड्यात पाणी सोडत राहा.

उन्हाचं गणित सरळ आहे. खोली जितके अंश तापते, कार्ड जवळपास तितकेच अंश वर जातं. २५ अंशांच्या खोलीत ७० वर चालणारं कार्ड ४२ अंशांत, पंख्याचा वेग तोच ठेवला तर, ८७ च्या घरात जाईल. म्हणून ॲड्रेनलिनमध्ये (एएमडीचं ड्रायव्हर-सॉफ्टवेअर) परफॉर्मन्स, ट्युनिंग, कस्टम असं जा. व्होल्टेज ऑफसेट (कार्डाचं व्होल्टेज किती कमी करायचं तो आकडा) उणे ४० मिलिव्होल्टपासून सुरू करा, तासभर सायबरपंक चालवा, मग १० नं खाली. गेम डेस्कटॉपवर पडला किंवा ड्रायव्हर रीसेट झाला की २० मागं या. व्हॅलोरंट चालला म्हणजे सेटिंग पक्की, असं धरू नका, त्यात कार्डावर ताणच येत नाही. पंख्याचा वक्र (किती अंशांना किती वेग ते ठरवणारी रेघ) ७० अंशांना ६५ टक्के ठेवा आणि फ्रेम १४१ वर बांधा, जास्तीच्या फ्रेम मॉनिटर दाखवत नाही, उष्णता मात्र खोलीत येते. पाण्याचा कूलर कॅबिनेटवर रोखू नका. ओलावा आणि आपल्या जड पाण्याचा क्षार हीटसिंकवर बसतो. कूलर आणि खिडकी समोरासमोर ठेवून हवा खेळती राहू द्या.

वॉरंटी चिपच्या कंपनीची नसते, कार्ड बनवणाऱ्याची असते. सफायर फक्त एएमडीचं करतं, झोटॅक एनव्हीडियाचं, आसुस आणि गिगाबाइट दोन्हीचं. घेण्याआधी त्या ब्रँडच्या साइटवर लातूरला सगळ्यात जवळचं केंद्र कुठं आहे आणि पाठवायचं भाडं कोण देतं हे बघा. जीएसटी बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या. बिलाविना स्वस्त मिळणारं आयात कार्ड अडचणीच्या वेळी कुणीच हातात घेत नाही.

आधी दुसऱ्या कंपनीचं कार्ड असेल तर नवं बसवण्याआधी नेट बंद करा, सेफ मोडमध्ये डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलरनं जुना ड्रायव्हर पुसा, मशीन बंद करून कार्ड बदला, आणि डाउनलोड करून ठेवलेला ॲड्रेनलिन टाकल्यावरच नेट जोडा. नेट सुरू राहिलं तर विंडोज मधेच स्वतःचा जुना ड्रायव्हर घुसवतं. १०४००एफ ला स्वतःचं ग्राफिक्स नाही, म्हणून केबल बोर्डाला नाही, कार्डालाच लावा.