शब्दचर्चा: मूर्तिरंगकामातल्या ‘वॉश’ला मराठीत काय म्हणावं?

नौपाडाकर: ठाण्यातल्या एका कार्यशाळेसाठी मराठी माहितीपत्रक करतोय. विषय, पटावरच्या खेळांतल्या ‘मिनिएचर’, म्हणजे ड्रॅगन, ऑर्क (काल्पनिक राक्षस), योद्धे यांच्या २८ ते ३२ मिलिमीटरच्या मूर्ती, घडवणं आणि रंगवणं. ‘कोट’ला ‘हात’ लिहिलं, ‘प्रायमर’ला, म्हणजे रंगाआधीच्या पहिल्या थराला, ‘अस्तर’. ‘वॉश’पाशी, म्हणजे मूळ रंगावर देऊन खाचांत उतरवायच्या पातळ रंगापाशी, अडलोय. मसुद्यात कोणीतरी ‘मूळ रंग वाळल्यावर मूर्ती धुवावी’ असं लिहिलं होतं. वाचणारा ती सरळ नळाखाली धरेल! शिवाय खरं धुणंही याच कामात आहे. साच्यातून आलेल्या रेझिनवर (मूर्ती ओततात ते प्लास्टिकसारखं द्रव्य) तेलकट थर असतो, तो साबणाच्या कोमट पाण्याने घालवला नाही तर प्रायमरचे पोपडे निघतात.

जलरंगी: जलरंगवाले ‘वॉश’च म्हणतात, तोच ठेवा.

ऐरोलीकर: अर्थ उलटा होतो ना. जलरंगात वॉश म्हणजे कागदभर एकसारखा पसरलेला पातळ रंग. इथे तो उंचवट्यांवरून निथळून चिलखताच्या सांध्यांत, केसांच्या रेघांत उतरायला हवा. मी ‘खाचरंग’ सुचवेन. कृतीही द्या: १ भाग अॅक्रिलिक, ४ भाग मॅट मीडियम (रंगात मिसळायचं बिनरंगी, बिनचमक द्रव्य), ४ भाग पाणी. नुसत्या पाण्याने पातळ केला तर रंग धरून ठेवणारा घटक कमी पडतो आणि वाळताना कडेला डागाचं वलय उमटतं. कुठे थारोळं साचलं तर ओलसर ब्रशने लगेच टिपून घ्यायचं. अर्धवट वाळल्यावर हात लावला की चट्टा पडलाच.

कोपरी_मूर्तिकाम: ‘अस्तर’ला माझा विरोध आहे. अस्तर आतून असतं, प्रायमर बाहेरून. आणि अस्तर म्हटलं की माणूस जाड थर देतो, मग डोळे-बोटं बुजतात.

नौपाडाकर: भिंतीच्या रंगालाही अस्तराचा हात म्हणतातच की.

कोपरी_मूर्तिकाम: भिंतीला डोळे नसतात. काहीही लिहा, पण ‘स्प्रे २० ते ३० सेंटिमीटरवरून, दोन पातळ हात’ हे लिहाच. आणि जुलैत ठाण्यात स्प्रे मारू नका. दमट हवेत फवारा खरखरीत बसतो, वॉर्निश पांढुरकं पडतं. पावसाळ्यात ब्रशने लावायचा प्रायमर बरा.

शुद्धमराठी: आधी ‘मिनिएचर’चं बघा. ‘लघुचित्र’ म्हणजे राजस्थानी, पहाडी शैली. ‘लघुमूर्ती’ लिहा.

खारघर_पट: ‘सोंगटी’! पटावर चालते ती सोंगटी, इतका सोपा शब्द घरात आहे.

ऐरोलीकर: सोंगटीला चेहरा नसतो. इथे अर्धं काम चेहऱ्याचंच. डोळ्यांसाठी गणपतीच्या कारखान्यातला ‘आखणी’ हा शब्द मात्र जरूर घ्या.

शुद्धमराठी: गंमत म्हणजे ‘मिनिएचर’मध्ये मुळात लहानपण नाहीच. लॅटिन ‘मिनियम’ म्हणजे शेंदूर. हस्तलिखितांतली अक्षरं, चित्रं त्याने रंगवायचे, त्यावरून शब्द आला. ‘मायनर’, ‘मिनिमम’शी उच्चार जुळल्यामुळे ‘छोटं’ हा अर्थ नंतर चिकटला. म्हणजे शेंदूर फासलेला मारुती हाच खरा मिनिएचर.

जलरंगी: शेंदूर नव्हे, हिंगूळ. रोमन लोक पाऱ्याच्या खनिजाला मिनियम म्हणत. शिशाचा शेंदूर हा त्यातला भेसळीचा माल, नाव पुढे त्याच्याकडे गेलं.

शुद्धमराठी: हस्तलिखितांच्या काळापर्यंत ते गेलेलंच होतं. त्यामुळे शेंदूरच.

खारघर_पट: मूर्ती घडवायच्या पुट्टीला काय लिहिताय? निळी-पिवळी एपॉक्सी समसमान मळून हिरवी होते ती. पट्टीत दोन्ही रंग शेजारी असतील तर मधली चिकटलेली रेघ आधी कापून टाका. ती तिथेच कडक झालेली असते आणि मळताना कण राहतात. निळी जास्त घातली तर तलवारीला हवी तशी टणक कड मिळते, पिवळी जास्त घातली तर मऊ राहते, झग्याच्या चुण्यांना बरी.

कोपरी_मूर्तिकाम: ‘लुकण’ म्हणा.

शुद्धमराठी: लुकण खिडकीच्या काचेला लावतात, ते तेलाचं. हे मळल्यावर तासाभरात ताठरायला लागतं.

जलरंगी: शेंदूर-हिंगूळ निघालंच आहे तर पत्रकात ठळक छापा: टोक काढायला ब्रश जिभेला लावू नये. आजही काही लाल-पिवळ्या रंगांत कॅडमियम असतं. ओल्या टिश्यूवर ब्रश फिरवत ओढला की तेच टोक येतं.